शंका वेगळी, संकोच वेगळा

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

वेगवेगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी माणसं एकत्र बसलेली असताना श्रद्धेवर बोलायला मिळणं, ही माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे. कार्यकारिणीनं विषय माझ्यावर सोपवला होता. मी ख्रिस्ती आहे. ख्रिस्ती माणसाला चारचौघांत ज्यांबद्दल बोलणं सगळ्यात जड जातं, त्याच दोन गोष्टी मी निवडल्या. एक, मनात येणारी शंका. दुसरी, आपण विश्वास ठेवतो हे सांगताना वाटणारा संकोच. यातलं बरंचसं इतर श्रद्धांच्या मंडळींनाही ओळखीचं वाटेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आडून येतात आणि आपली फसगत होते. कुणीतरी हसेल या भीतीनं आपण गप्प बसतो आणि मनाला सांगतो, 'हल्ली माझा विश्वासच डळमळलाय.' उलटंही होतं. आत खरोखरचा प्रश्न पेटलेला असतो, पण 'लोक काय म्हणतील' या धाकानं तो उपासनेला येणाऱ्या सोबत्यालाही सांगितला जात नाही. मग संकोचाला आपण शंकेचं औषध देतो, पुस्तकं वाचतो, युक्तिवाद पाठ करतो आणि गुण येत नाही. शंकेला संकोचाचं औषध देतो, 'धीट हो, उघडपणे साक्ष दे' म्हणतो, आणि आतली जखम तशीच राहते.

ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी लावते. आजूबाजूला हसणारं कुणीही नाही, दार बंद आहे, अशा वेळी तो प्रश्न उरतो का? उरला तर ती शंका. माणसं गेल्याबरोबर विरला तर तो संकोच.

आधी संकोचाबद्दल, कारण त्याचं वय फार मोठं आहे. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली एका प्राचीन इमारतीच्या भिंतीवर खरवडून काढलेलं एक चित्र सापडलं. अभ्यासक ते साधारण इसवी सन २०० च्या आसपासचं मानतात. क्रुसावर टांगलेली एक आकृती आहे आणि तिचं डोकं गाढवाचं आहे. बाजूला एक तरुण हात उंचावून उभा आहे. खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरांत लिहिलंय, 'अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो.' ख्रिस्ताच्या क्रुसाची जी अगदी जुनी चित्रं आज शिल्लक आहेत त्यांत हे मोडतं, आणि ते काढलंय टिंगल करणाऱ्यानं. जरा त्या पोराची कल्पना करा. रोज ज्यांच्याबरोबर उठायचं-बसायचं त्यांनीच भिंतीवर हे कोरून ठेवलेलं, येता-जाता डोळ्यांसमोर. रोमन जगात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. सभ्य घरात त्याचं नाव काढत नसत. अशा माणसाला प्रभू म्हणणं म्हणजे स्वतःहून हसं करून घेणं होतं. पौल या येशूच्या प्रेषितानं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा हे झाकलं नाही. वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त यहूद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो, असं त्यानं सरळ लिहिलं.

त्याच इमारतीत दुसऱ्या एका खोलीच्या भिंतीवर लॅटिनमध्ये दोन शब्द सापडले, 'अलेक्सामेनोस फिदेलिस'. अलेक्सामेनोस विश्वासू आहे. टिंगलीला उत्तर म्हणून वाद नाही, शिवी नाही. एवढंच.

म्हणून ज्यांना ऑफिसात, वर्गात, मित्रांच्या गप्पांत 'तू अजून हे मानतेस?' असं ऐकावं लागतं, त्यांना मी सांगते की तुमच्यावर काही नवीन आलेलं नाही. हा संकोच पहिल्या दिवसापासून या श्रद्धेच्या पोटात आहे. आपली श्रद्धा कुणालाच कधीच विचित्र वाटत नसेल, तर आपण तिच्यातला क्रूस काढून ठेवला की काय, हे तपासून पाहावं असं मला वाटतं.

आता येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट बघा. त्याला किती दोष द्यायचा हा प्रश्न वेगळा, पण येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानकारांनी ती लपवली नाही, चौघांनीही लिहिली. येशूला अटक झालीय, महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात विस्तव पेटलाय, पेत्र शेकत बसलाय. आणि त्याला आधी विचारतं कोण? एक दासी. हातात तलवार नसलेली, कसलाही अधिकार नसलेली मुलगी. 'तूही त्याच्याबरोबर होतास ना?' मग बाजूला उभे असलेले म्हणतात, तुझ्या बोलण्यावरूनच कळतं तू कुठला ते. गालीलकराचा हेल त्याला लपवता आला नाही. आणि तीनदा तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. उच्चारावरून ओळखलं जाणं म्हणजे काय, हे या सभागृहात मी समजावून सांगायला नको. त्या रात्री पेत्राच्या मनात येशूबद्दल तात्त्विक प्रश्न उठले असं कुठंही लिहिलेलं नाही. विस्तवाच्या उजेडात आपल्याकडे वळलेल्या नजरा त्याला सहन झाल्या नाहीत. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुन्हा एक कोळशाचा विस्तव येतो, समुद्राच्या काठावर. तिथं येशू त्याला तीनदा विचारतो, 'तू माझ्यावर प्रेम करतोस का?' झाल्या प्रकाराचा हिशेब मागत नाही, पुराव्यांची उजळणी घेत नाही. जी गोष्ट दुखावली होती तिलाच हात घालतो. संकोचाला उतारा याच ठिकाणी मिळतो. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं नाव घेताना जीभ हळूहळू मोकळी होते.

शंकेचं मात्र असं नाही. तिच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये तिच्याशी आपण नीट वागत नाही.

येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमाला आपण 'संशयी' म्हणून कायमचं नाव ठेवलं. मला तो अन्याय वाटतो. येशूच्या जिवाला धोका असताना 'चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ' असं म्हणणारा हाच थोमा होता. पुनरुत्थानानंतर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्यावर, बाकीच्यांना त्याचं दर्शन झालं तेव्हा थोमा तिथं नव्हता. बाकीच्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच पाहण्याची मागणी त्यानं केली. आणि एक तपशील सहसा सुटतो. पुढचं दर्शन आठ दिवसांनी झालं, आणि त्या वेळी थोमा त्यांच्याबरोबर आत होता. म्हणजे मधले आठ दिवस दहाजण म्हणत होते, 'आम्ही प्रभूला पाहिलं', आणि एकजण म्हणत होता, 'मी मानत नाही.' तरी त्यांनी त्याला हाकललं नाही आणि तोही उठून गेला नाही. मला हे आठ दिवस फार मोलाचे वाटतात. आपल्या उपासनामंडळीत आज न मानणारा एखादा थोमा आठ दिवस तग धरू शकेल का?

बाप्तिस्मा करणारा योहान घ्या. नदीकाठी त्यानं येशूकडे बोट दाखवून लोकांना 'हाच तो' असं सांगितलं होतं. पुढे तोच हेरोद राजाच्या तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो की ज्या तारणाऱ्याची वाट पाहतोय, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? याहून मोठी शंका कुठली? येशू रागावला नाही. जे पाहता आणि ऐकता ते जाऊन सांगा, म्हणाला. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता मिळते. आणि निरोप्ये गेल्यावर, योहानाच्या माघारी, गर्दीसमोर त्याची थोरवी सांगितली.

सगळ्यात कठीण शंका दुःखातून येते. आजारी मुलासाठी प्रार्थना केली आणि मूल गेलं, अशा आईपुढे कुठलाही युक्तिवाद टिकत नाही, आणि तो करूही नये. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांत तक्रारीची कितीतरी आहेत, आणि बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. ८८ वं वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांना ते गाळता आलं असतं, किंवा शेवटी स्तुतीची एक ओळ जोडता आली असती. त्यांनी तसं केलं नाही, तसंच ठेवलं आणि उपासनेत गायलं. 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' ही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ तर स्वतः येशूच्या तोंडी आहे, क्रुसावर. मग दुःखात बुडालेल्या माणसानं उपासनेत हसतमुख असावं ही अपेक्षा आपण कुठून आणली?

मराठी ख्रिस्ती माणसानं या बाबतीत पंडिता रमाबाईंकडे पाहावं. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठली, आणि तिकडे ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या मठातल्या भगिनींना वाटलं की आता या निमूटपणे शिकवू ते मानतील. रमाबाईंनी मानलं नाही. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांताबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्या पत्रांतून प्रश्न विचारत राहिल्या. मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी सुटले आहे, तसंच दुसरं मानेवर घ्यायला तयार नाही, अशा आशयाचं त्यांनी त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलं. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच हे लिहायला केवढं धैर्य लागतं! दोन्हीकडून एकटं पडण्याची भीती होती, तरी संकोचापायी त्यांनी शंका गिळली नाही. पुढे १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ही आठ वर्षं त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. याच काळात, १८८९ मध्ये, मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं. शंका पूर्ण फिटेपर्यंत काम थांबवायचं असं त्यांनी ठरवलं नाही. शेवटची कित्येक वर्षं त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या, ते छापून आलं १९२४ मध्ये.

आता एक तिसरी गोष्ट बोलायलाच हवी. काही लाज अशी असते की ती वाटलीच पाहिजे. पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार आणि ते दडपणारे वरिष्ठ, गुलामगिरीचं समर्थन बायबलच्या वचनांनी करणारे प्रचारक, गोव्यात १५६० पासून चाललेलं इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून लोकांची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय. यांचा उल्लेख झाला की काही ख्रिस्ती मंडळी लगेच बचावाला उभी राहतात. मी राहत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांसाठी जाहीरपणे क्षमा मागितली. त्यानं सगळं भरून आलं असं कुणी म्हणणार नाही, पण दिशा तीच आहे. समोरचा माणूस या जखमांबद्दल बोलत असेल तर आधी पूर्ण ऐकून घ्यावं. तिथं 'पण' हा शब्द उच्चारायची घाई नको.

विज्ञानाच्या नावानं वाटणारा संकोच मात्र बराचसा आपण ओढवून घेतलेला आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितानं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना बजावलं होतं की आकाश, तारे, ऋतू यांबद्दल ज्यांना खरं ज्ञान आहे अशांसमोर ख्रिस्ती माणसानं पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, हवाला देत काहीबाही बोलू नये. त्यानं पवित्र शास्त्राचंच हसं होतं. हे आपण ऐकलं असतं तर १६३३ साली गॅलिलिओवर चर्चच्या खटल्याला उभं राहायची वेळ आली नसती. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. आपला सिद्धांत कुणी बायबलचा पुरावा म्हणून वापरावा हे त्यांना रुचत नसे. मला त्यांची ही शिस्त फार आवडते.

तरुण मुलं मला विचारतात की मग नेमकं करायचं काय? कुणी थेट विचारलं, तर 'हो, मी मानते. सगळं मला समजलंय असं नाही' एवढं म्हणायला शिका. वाक्याचे दोन्ही भाग म्हणा. फक्त पहिला म्हटलात तर सोंग होतं, फक्त दुसरा म्हटलात तर पळवाट होते. पेत्राच्या नावच्या पहिल्या पत्रात, आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या, असं सांगितलंय. विस्तवापाशी ज्याची बोबडी वळली होती त्याच्या नावे हा सल्ला येतो, म्हणून मला तो खरा वाटतो. शंका आली तर ती एखाद्या विश्वासू माणसाला मोठ्यानं सांगा, आणि प्रार्थनेतही तशीच, न सजवता सांगा. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप रडत म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर. येशूनं त्याला आधी अविश्वास निस्तरून यायला सांगितलं नाही. मुलगा तिथल्या तिथे बरा केला.

आणि पाळक, वडीलजन, आईबाप यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलानं घरात 'देव आहे कशावरून?' म्हटलं की आवाज चढवू नका. बायबलमधल्या यहूदाच्या छोट्याशा पत्रात एक वाक्य आहे, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. दटावलेलं मूल प्रश्न विचारायचं थांबतं, आणि काही वर्षांनी घरच्यांना न सांगता उपासनेला यायचंही थांबतं.

माझं बोलणं इथं थांबवते, कारण उरलेला वेळ प्रश्नांसाठी मागून घेतला आहे. ख्रिस्ती नसलेल्या मंडळींनी आधी विचारावं. मला वाईट वाटेल म्हणून एखादा प्रश्न मागे ठेवला असेल, तर तोच पहिल्यांदा विचारा.