पदकानंतरचं वर्ष

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी!

येत्या वर्षात कोणत्या तरुण बॅले नर्तकांकडे लक्ष ठेवावं, यावर बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलं आणि मी लगेच होकार दिला. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतल्या मुली आणि आता काही मुलगेही बॅलेच्या वर्गाला जातात. त्यांचे आईवडील मला नेहमी विचारतात, की नेमकं कुणाला बघायचं आणि बघताना काय बघायचं. म्हणून आज मी मोजकीच नावं घेणार आहे, पण त्या नावांपाशी जरा थांबणार आहे.

सुरुवात पार्क युन-जेपासून करते. फेब्रुवारी २०२५ मध्ये या सोळा वर्षांच्या कोरियन मुलानं ‘प्री द लोझान’चं पहिलं बक्षीस पटकावलं. कोरियाच्या मुलींनी हा मान याआधी मिळवला होता, कोरियन मुलाला तो पहिल्यांदाच मिळाला. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात १९७३ पासून ही स्पर्धा भरते. पंधरा ते अठरा वर्षांची मुलं तिथे येतात आणि आठवडाभर राहतात. आलेसांद्रा फेरी (१९८०), डार्सी बसेल (१९८६), कार्लोस अकोस्टा (१९९०), अलिना कोजोकारू (१९९७) ही सगळी तिथेच जगाच्या नजरेत भरली. बक्षीस पैशाच्या थैलीपेक्षा शिष्यवृत्तीच्या रूपात असतं. नामांकित शाळेत वर्षभर शिका, किंवा एखाद्या कंपनीत उमेदवारी करा.

पार्कनं न्यू यॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटरची स्टुडिओ कंपनी निवडली. सतरा ते एकवीस वयाच्या मोजक्या नर्तकांचा तो छोटा संच आहे. शाळा संपलेली असते, पण मोठ्या कंपनीचा करार अजून हातात नसतो. त्या मधल्या काळात काय होतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की पदकाच्या रात्रीपेक्षा त्यानंतरचं वर्ष बघा. तिथे नर्तक घडताना दिसतो.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण म्हणजे पार्क से-उन. आडनाव तेच, पण युन-जेच्या कितीतरी आधीची. २००७ मध्ये तिनं लोझान जिंकलं आणि तीही याच अमेरिकन बॅले थिएटरच्या धाकट्या संचात गेली. मग कोरियाच्या राष्ट्रीय बॅलेत काम केलं. पुढे पॅरिस ऑपेरात आली, ती थेट सर्वांत खालच्या पायरीवर. पॅरिसमध्ये पाच पायऱ्या आहेत: काद्रीय, कोरिफे, सुजे, प्रमिये दांसर आणि शेवटची एत्वाल. एत्वालसाठी परीक्षा नसते. प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच ती घोषणा होते. पार्क से-उनसाठी ती घोषणा २०२१ मध्ये झाली. त्या घराण्याच्या इतिहासातली ती पहिली आशियाई एत्वाल. पदक ते एत्वाल, चौदा वर्षं! या चौदा वर्षांत तिच्यावर फारशी कुणी नजर ठेवली नसेल, आणि सगळं जे घडलं ते याच काळात घडलं.

या मधल्या काळात नेमकं काय असतं, तर मुख्यतः ‘कोर द बॅले’, म्हणजे समूहातलं नाचणं. ‘ला बायादेर’ या १८७७ च्या बॅलेतला छायांचा प्रवेश कधी मिळाला तर जरूर बघा. पांढऱ्या पोशाखातल्या नर्तकी एकामागून एक उतारावरून खाली येतात. प्रत्येकीची हालचाल तीच: एक पाय मागे उचलायचा, पुढे झुकायचं, मग मागे रेलून हात वर न्यायचे, दोन पावलं चालायचं आणि पुन्हा तेच. शेवटची उतरेपर्यंत पहिलीनं ते तीस-चाळीस वेळा केलेलं असतं. रंगमंचावर २४ किंवा ३२ जणी असतात आणि एकीचा घोटा थरथरला तरी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसतो. शाळेत आठ-दहा वर्षं ‘सगळ्यांत उठून दिस’ हे शिकलेल्या मुलीला आता अजिबात उठून न दिसणं शिकावं लागतं. शेजारणीच्या श्वासाबरोबर श्वास, डोळ्यांच्या कोपऱ्यातून रांग सरळ, मानेचा कोन सगळ्यांचा एक. हे शिकताना काही जणी कायमच्या विझतात. काही जणींना मात्र इथेच संगीत ऐकायची सवय लागते, आणि पुढे एकल भूमिका मिळाली की ती सवय दिसते.

म्हणून बढती लवकर मिळालेल्यांकडेही मी याच नजरेनं बघते. न्यू यॉर्क सिटी बॅलेतली मीरा नेडन २०१८ मध्ये समूहात आली, २०२२ मध्ये सोलोइस्ट, म्हणजे समूह आणि प्रमुख यांच्यामधल्या पायरीवर, झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत प्रमुख नर्तकी. त्या कंपनीतली ती पहिली आशियाई-अमेरिकन स्त्री प्रमुख. तिच्या नाचात घाई नसते. तालाच्या मागच्या काठावर ती क्षणभर रेंगाळते आणि तरी पोचते वेळेवर. त्या कंपनीचे संस्थापक नृत्यरचनाकार बालांशिन यांच्या रचना वेगवान असतात, त्यांत असं रेंगाळायला हिंमत लागते.

अमेरिकन बॅले थिएटरची क्लोई मिसलडाइन याच स्टुडिओ कंपनीतून वर आली. तिची आई यान चेन तिथल्याच मोठ्या कंपनीत सोलोइस्ट होती. जुलै २०२४ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये क्लोईनं न्यू यॉर्कमध्ये पहिल्यांदा ‘स्वान लेक’ केलं आणि त्याच प्रयोगाचा पडदा पडण्याआधी कला-संचालक सुझन जॅफी यांनी तिला प्रमुख नर्तकी म्हणून जाहीर केलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. अशा बढतीनंतरची दोन-तीन वर्षं फार नाजूक असतात. एकामागून एक पहिल्याच भूमिका अंगावर येतात: ‘जिझेल’, ‘स्लीपिंग ब्यूटी’, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. प्रत्येकीसाठी तालमीला मिळतात थोडे आठवडे, आणि तुलना होते ती तीस वर्षं ती भूमिका केलेल्यांशी. मला क्लोईचं ‘जिझेल’ पुन्हा पुन्हा बघायचं आहे, विशेषतः पहिल्या अंकातलं वेडाचं दृश्य. तिथे तंत्र मदतीला येत नाही. केस मोकळे सुटलेले, पावलं अडखळणारी, आणि तरी प्रत्येक पाऊल स्वरावर.

पॅरिसचा गियोम दियोप तुम्ही ऐकला असेल. मार्च २०२३ मध्ये कंपनी सोलच्या दौऱ्यावर असताना ‘जिझेल’नंतर तो एत्वाल झाला, तोही सुजेच्या पायरीवरून मधली पायरी वगळून. पॅरिस ऑपेराचा तो पहिला कृष्णवर्णीय एत्वाल. २०२० मध्ये, अगदी खालच्या पायरीवर असताना, कंपनीतल्या वंशभेदाबद्दल प्रशासनाला लिहिलेल्या जाहीरनाम्याच्या कर्त्यांत तो होता. तरुण नर्तकाला पुढच्या भूमिकांची भीती असते, तरी त्यानं सही केली. मला त्याच्या उड्यांइतकंच याचंही कौतुक वाटतं.

हा प्रश्न आपल्या मुलींच्या अगदी पायापाशी येऊन थांबतो, म्हणून थोडं विषयांतर करते. टोकावर उभं राहण्याचे बूट, पॉइंट शूज, कित्येक दशकं फक्त फिक्या गुलाबी रंगात मिळायचे. पायाची रेषा अखंड दिसावी म्हणून तो रंग कातडीशी जुळवायचा असतो, पण जुळायचा फक्त गोऱ्या कातडीशी. सावळ्या, काळ्या नर्तकी प्रत्येक जोडाला मेकअपचं फाउंडेशन चोपडून तो आपल्या रंगाचा करत, आणि जोड कधी कधी एकाच प्रयोगात मरतो, म्हणजे पुन्हा नवा जोड, पुन्हा तेच काम. २०१८ मध्ये फ्रीड ऑफ लंडन या जुन्या कारखान्यानं बॅले ब्लॅक या कृष्णवर्णीय आणि आशियाई नर्तकांच्या कंपनीच्या सोबतीनं तपकिरी छटांचे बूट काढले. आज वर्गाला जाणाऱ्या आपल्या मुलींना आपल्या रंगाचा बूट मागता येतो. त्यांना तो मागायला शिकवा.

युरोपातली एक जोडी सांगायची राहिली. आंतोनियो कासालिन्यो आणि मार्गारिता फर्नांदिश, दोघंही पोर्तुगालच्या लेरिया गावात आनारेला सांचेझ या शिक्षिकेकडे शिकले. मोठ्या राजधानीतली सरकारी अकादमी नाही, एका बाईंची शाळा. कासालिन्योनं २०२१ चं लोझान जिंकलं. त्या वर्षी महासाथीमुळे मुलं लोझानला आलीच नाहीत, परीक्षकांनी चित्रफिती बघून निकाल दिला. दोघं म्युनिकच्या कंपनीत गेली, आणि आता व्हिएन्नात आहेत. तिथल्या बॅले कंपनीची सूत्रं सप्टेंबर २०२५ पासून आलेसांद्रा फेरींकडे आहेत, ज्या स्वतः १९८० च्या लोझान विजेत्या. पन्नाशी ओलांडूनही रंगमंचावर उभी राहिलेली ही बाई तरुणांना भूमिका कशा वाटते, कुणाला थांबवते आणि कुणाला पुढे ढकलते, हे येत्या हंगामात मला सगळ्यात जास्त बघायचं आहे. पॅरिसमध्येही जोसे मार्तिनेझ यांनी २०२४ मध्ये धाकट्यांचा वेगळा संच सुरू केला, तोही लक्षात ठेवा. आणि सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की बॅले कंपनीत किमिन किम या कोरियन नर्तकानंतर २०२५ मध्ये जॉन मिन-चल हा आणखी एक कोरियन तरुण दाखल झाला आहे.

भारतातून कोण, हा प्रश्न येणारच. नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह येहुदा माओर या शिक्षकांच्या हाताखाली तयार झाला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला पोचला. दिल्लीच्या कमल सिंगनं सतराव्या वर्षी पहिला धडा घेतला आणि २०२० मध्ये तो इंग्लिश नॅशनल बॅलेच्या शाळेत गेला. त्याची फी लोकांनी वर्गणी काढून भरली. बॅलेत पाय मांडीच्या खोबणीपासून बाहेर वळवावे लागतात. हाडं घट्ट व्हायच्या आत, आठ-नऊ वर्षांचे असताना ते वळण अंगी बाणवायचं असतं. भरतनाट्यम शिकलेल्यांना अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, आठवेल, तेच वळण, पण गुडघे ताठ ठेवून आणि एका पायाच्या टोकावर. सतराव्या वर्षी हे सुरू करणं म्हणजे काय, ते नाचणाऱ्यालाच कळेल.

आता बघायचं कसं? मोबाइलवर दहा-अकरा वर्षांच्या मुलींच्या चित्रफिती फिरतात. पाय कानापर्यंत, गिरक्या सात-आठ. मला त्या बघवत नाहीत. त्या वयात कंबर आणि घोटे अजून तयार व्हायचे असतात, आणि अशा उंचीसाठी मुली पाठीचा कणा वाकवून पाय वर ढकलतात. पालकांनो, कृपा करून त्यावरून आपल्या मुलीची मोजदाद करू नका. त्याऐवजी उडी संपताना बघा. उंच उडी बऱ्याच जणांना येते. खाली येताना बोटं, मग तळवा, मग टाच, आणि आवाज नाही, हे थोड्यांना येतं. त्याआधीची तयारीही बघा. गिरकीच्या अगोदर खांदे वर चढतात का, चेहरा आक्रसतो का? आणि नाचत नसताना बघा. दुसरा कुणी नाचतोय आणि आपला नर्तक बाजूला उभा आहे, तेव्हा तो त्या गोष्टीत आहे की पुढच्या एकल नाचाची मनात उजळणी करतोय, हे लगेच कळतं.

तिकिटांबद्दल एक सांगते. तरुण नर्तकांना मोठी भूमिका पहिल्यांदा मिळते ती बहुतेकदा दुपारच्या प्रयोगात. संध्याकाळी नावाजलेले, दुपारी नवे. तिकीट काढण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर कोणत्या दिवशी कोण नाचणार ती यादी बघा, आणि ज्याच्या नावापुढे ‘पदार्पण’ असेल तो प्रयोग घ्या. बहुतेक वेळा तो स्वस्तही पडतो. ‘स्वान लेक’मधल्या बत्तीस फुएत्ते गिरक्या पहिल्यांदा लोकांसमोर करणाऱ्या मुलीच्या मागे विंगेत तिच्या मैत्रिणी दाटीनं उभ्या असतात. त्या दुपारच्या टाळ्यांचा आवाजच वेगळा असतो.

आणि फेब्रुवारीत लोझान. ही स्पर्धा इंटरनेटवर फुकट दिसते. सगळे अंतिम फेरी बघतात. माझा आग्रह आहे की आठवड्याच्या सुरुवातीचे वर्ग बघा, कारण परीक्षक वर्गातल्या कामालाही गुण देतात. बारला, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला, धरून गुडघे वाकवणं, पाय जमिनीवरून घासत पुढे नेणं, बस्स एवढंच. मग प्रशिक्षक एखाद्या मुलापाशी थांबतात, हनुवटी बोटभर वळवतात, आणि तोच नाच वेगळा दिसू लागतो. सूचना मिळाल्यावर पुढच्या वेळी मूल काय करतं, त्यावरून त्याची पुढची दहा वर्षं दिसतात. अंतिम फेरीत न आलेल्यांसाठी शाळा आणि कंपन्यांच्या संचालकांसमोर वेगळा वर्ग होतो. तिथून कितीतरी जणांना प्रवेश मिळतो, आणि त्यांची नावं निकालाच्या बातमीत येत नाहीत.

त्या आठवड्यात मंडळाचं सभागृह मी तीन संध्याकाळी मागून घेतलं आहे. अंतिम फेरी आपापल्या घरी बघा. वर्गांचं चित्रण आपण इथे मोठ्या पडद्यावर एकत्र बघू. नाचणाऱ्या मुलामुलींनी वही घेऊन यावं आणि प्रत्येकानं एकच स्पर्धक निवडून त्याला मिळालेल्या सूचना लिहून काढाव्यात. नावनोंदणी आज बाहेरच्या टेबलावर सुरू आहे.

धन्यवाद.