वर्गात किती आणि वर्गात कोण

(दृश्य: सेंट पॉल शहर, सकाळ)

सप्टेंबर १९९२. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलमध्ये, सिटी अकॅडमी हे हायस्कूल सुरू झालं. देशातली ही पहिली चार्टर शाळा, म्हणजे करारावर चालणारी शाळा. राज्याने आदल्याच वर्षी तसा कायदा केला होता. खर्च सरकारचा, फी नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. कारभार मात्र शाळेच्या स्वतःच्या मंडळाकडे. करारात ठरलेलं काम दिसलं नाही, तर शाळेला टाळंही लागू शकतं.

सुरुवातीला पटावर मुलं होती तीस-पस्तीस. दुसऱ्या शाळांमधून गळालेली. हजार-दीड हजार पटाच्या हायस्कूलमध्ये एखादा मुलगा यायचा बंद झाला, तर ते कुणाच्या लक्षात यायलाच किती दिवस जातात! तीस मुलांत त्याच दिवशी कळतं. अशा मुलांची शाळा कमी मुलांच्या वर्गाशिवाय चालूच शकत नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: रिकामा वर्ग, बाकं)

पण शाळा सांगते तो आकडा नीट वाचायला हवा. ‘एका शिक्षकामागे पंधरा विद्यार्थी’ म्हणजे वर्गात पंधराच मुलं, असं नव्हे. त्या हिशेबात विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षक, चित्रकलेचे, संगीताचे शिक्षक, सगळे धरलेले असतात. गणिताच्या तासाला पंचवीस मुलंही बसलेली असू शकतात. पालकांनी शाळेत जाऊन विचारावं ते हेच: नववीच्या बीजगणिताला किती मुलं?

टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात मोठा प्रयोग झाला. काही वर्गांत १३ ते १७ मुलं, काहींत २२ ते २५. कमी मुलांच्या वर्गातली मुलं अभ्यासात पुढे गेली, आणि कृष्णवर्णीय मुलांना त्याचा फायदा अधिक झाला. तो प्रयोग तिसरीपर्यंतचाच होता, हायस्कूलला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी वर्गात किती मुलं आहेत, याइतकंच ती कोण आहेत हेही महत्त्वाचं, हे त्यातून दिसलं.

(दृश्य: शाळेबाहेर उतरणारी मुलं)

आज देशभरातल्या चार्टर शाळांत गोरी मुलं साधारण तीस टक्के. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, त्याहून जास्त, कृष्णवर्णीय जवळपास पाव हिस्सा. सेंट पॉलमध्ये तर आग्नेय आशियातून आलेल्या हमोंग समाजाची भाषा आणि संस्कृती जपणाऱ्या चार्टर शाळा आहेत. तिथे आपलं मूल परकं वाटून घेत नाही, म्हणून पालक त्या आवर्जून निवडतात. त्याच मिनेसोटात २०१५ साली दुसऱ्या काही पालकांनी सरकारवर खटला भरला: शाळा वंशानुसार विभागल्या गेल्यात आणि त्यात मुलांचं नुकसान होतंय. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या असमतोलाने घटनाभंग सिद्ध होत नाही. त्यामुळे शिक्षणाचा दर्जा खालावतो, हे पालकांना दाखवून द्यावं लागेल.