आधी वारा, मग गाणं

(दृश्य: चाळकेवाडीचं पठार. पवनचक्क्यांची पाती. खाली वळणाच्या रस्त्यावर एक मोटारसायकल.)

साताऱ्याहून ठोसेघरकडे निघालं, सज्जनगडाचा फाटा मागे पडला आणि चढ संपला की हे पठार लागतं. इथं पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्याच्या भरवशावर. पण आत्ता जी घरघर ऐकू येतेय ती पठारावरची नाही. ती हेल्मेटच्या आतली आहे, कानाशेजारी चिकटवलेल्या छोट्या माइकनं टिपलेली. पुणे–सातारा महामार्ग, वेग ताशी 80. या घरघरीखाली एक गाणं चालू आहे.

(पाच सेकंद फक्त हेल्मेटमधला आवाज.)

ऐकू येत नाही, म्हणून रायडर आवाज वाढवतो. कात्रज सोडताना व्हॉल्यूम अर्ध्यावर असतो, शिरवळला पूर्ण. तरी शब्द कळत नाहीत, कारण गाणं वाऱ्याच्या वर चढवायचा प्रयत्न चाललेला असतो, आणि वारा अजून कमी केलेलाच नसतो.

(दृश्य: हेल्मेटवर चिकटवलेले लोकरीचे धागे, संथगतीत.)

हे धागे नीट बघा. कपाळावरचे मागच्या बाजूला सरळ झोपलेत. काचेच्या कडेचे थरथरतायत. आणि हनुवटीखालचे गोल गोल नाचतायत. हवा जिथं गुळगुळीत वाहते तिथं ती फारशी बोलत नाही, जिथं फुटते तिथं आवाज करते. हेल्मेटच्या बाबतीत ती सगळ्यात जास्त फुटते ती हनुवटीच्या खाली आणि मानेभोवतीच्या उघड्या तोंडाशी. तिथून ती घरघर थेट कानापाशी येते.

साध्या फुलफेस हेल्मेटमध्ये 65 च्या वेगाला कानापाशी सुमारे 90 डेसिबल भरतात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा आवाज साधारण 15 ते 18 डेसिबलनं चढतो. 80 ला आपण 95 च्या घरात असतो. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा: 85 डेसिबल आठ तास चालेल, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. म्हणजे 80 नं निघालेल्या कानाचा त्या दिवसाचा कोटा शिरवळच्या आसपास संपतो. गाणं न लावता.

(दृश्य: गाडीची पुढची काच, म्हणजे विंडस्क्रीन. तिच्या वरच्या कडेला बांधलेला धागा.)

काच बसवली की वारा कमी होतो, ही समजूत अर्धीच खरी. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा भोवरे करत येते आणि नेमकी हेल्मेटवर आपटते. छातीला बरं वाटतं, डोकं मात्र हादरत राहतं. बिनकाचेच्या गाडीवर हवा जोरात येते, पण सलग येते. चुकीच्या उंचीच्या काचेपेक्षा पुष्कळदा तीच बरी.

तपासायची रीत पडद्यावर आहे. रस्ता मोकळा आणि सरळ, वेग 50 ते 60, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, जरासं उठून डोकं चार बोटं वर. आवाज एकदम स्वच्छ झाला तर काचेचे भोवरे डोक्यावर येतायत. मग काच दोन-तीन सेंटीमीटर खाली घ्या म्हणजे हेल्मेट मोकळ्या हवेत येईल, नाहीतर वर छोटा स्पॉयलर, म्हणजे जोडकाच, लावून भोवरे डोक्यावरून जाऊ द्या. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा तपासायचं.

(दृश्य: टेबलावर हेल्मेट. काच आणि रबराच्या पट्टीमध्ये कागदाचा तुकडा.)

आता हेल्मेट. काच कागदावर बंद केली आणि कागद ओढला. तो अडकत अडकत यायला हवा. इथं उजव्या बाजूला सुळकन निघाला. म्हणजे त्या बाजूला फट आहे आणि शिट्टी तिथूनच येते. बाजूच्या प्लेटचे स्क्रू सैल करून, काच मागे दाबून पुन्हा आवळले की बहुतेक हेल्मेटमध्ये फट मिटते. रबर कडक झालं असेल तर सिलिकॉन ग्रीसचं एक बोट फिरवावं. तरीही शिट्टी राहिली तर वरच्या झरोक्यांवर एकेक करून चिकटपट्टी लावून फेरी मारा. ज्या पट्टीनं शिट्टी थांबली, तो झरोका. हेल्मेटवर कॅमेऱ्याचा माउंट असेल तर आधी तो काढा.

मापाचं सांगायलाच हवं. भुवयांच्या जरा वर टेप धरून डोक्याचा घेर मोजायचा आणि आयएसआयची खूण असलेलं त्या मापाचं हेल्मेट घ्यायचं. डोकं डावीकडे-उजवीकडे झटकलं तर हेल्मेटबरोबर गालाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट वेगळं हलतंय म्हणजे गालाच्या गाद्या दबून पातळ झाल्यात. जाड गाद्या वेगळ्या मिळत असतील तर बदला. सैल हेल्मेटमध्ये कितीही भारी स्पीकर लावले तरी ते कानासमोर टिकत नाहीत.

हनुवटीखालचा कापडी पडदा, ज्याला रायडर चिन कर्टन म्हणतात, आणि मानेला घट्ट बफ, म्हणजे गळ्यात चढवायची कापडी नळी. या दोन स्वस्त वस्तूंनी खालचं तोंड बरंचसं बंद होतं. मफलरही चालतो, टोकं जॅकेटच्या आत खोचलेली हवीत. पावसाळ्यात मात्र श्वासाची वाफ बाहेर जात नाही आणि काच धुकटते. तेव्हा पडदा काढून फक्त बफ ठेवावा.

(दृश्य: गालाची गादी काढलेलं हेल्मेट. आतला पांढरा थर. हातात गोल स्पीकर.)

गाणं ऐकू न येण्याचं कारण पुष्कळदा इथं सापडतं, म्हणून इथं जरा थांबू.

हेल्मेटचे स्पीकर 32 ते 40 मिलिमीटर व्यासाचे असतात. दहाएक मिलिमीटर जाडीच्या या चकतीचं तोंड कानाच्या भोकासमोर हवं. ते सेंटीमीटरभर जरी सरकलं तरी आधी बारीक आवाज जातात, मग शब्द. आणि बहुतेकजण स्पीकर अंदाजानं चिकटवतात, कारण हेल्मेट घातल्यावर आपला कान नेमका कुठं येतो हे कुणालाच दिसत नाही.

म्हणून ही खूण. कानाच्या भोकापुढं जो छोटा उंचवटा असतो त्यावर ओल्या गंधाचा ठिपका. हेल्मेटच्या आत, कानाच्या खळगीवर कागदाची गोल चकती. हेल्मेट घालायचं, पट्टा आवळायचा, एकदा मान हलवायची आणि सरळ काढायचं. कागदावर उमटलेला ठिपका बघा. आधी अंदाजानं काढलेलं वर्तुळ आणि हा ठिपका यांत बोटभर अंतर आहे. घालताना गंध थोडं फासतं, म्हणून हे तीनदा करून मधली जागा धरायची. दोन्ही कानांचं वेगळं करायचं, डाव्याचं माप उजव्याला लावू नये.

(दृश्य: स्पीकरच्या मागे नमद्याच्या चकत्या एकावर एक.)

पुढची गोष्ट अंतर. स्पीकर खळगीच्या तळाशी चिकटवला तर कानापासून दीड-दोन सेंटीमीटर लांब राहतो आणि मधल्या पोकळीत वारा नांदतो. त्याच्या मागे नमद्याच्या किंवा वेल्क्रोच्या दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या घालत तो पुढं आणायचा. कानाला टेकता टेकता थांबायचं, दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवून. टेकला तर अर्ध्या तासात कानाची पाळ दुखते आणि त्यानंतर रायडर गाणं नाही, वेदना ऐकतो.

खळगी उथळ असेल तर काय? मग पातळ स्पीकर शोधायचा. हा पांढरा थर, ज्याला सगळे थर्माकोल म्हणतात, त्याला पात्याचा स्पर्शही नको. पडल्यावर डोक्याचा मार तोच झेलतो. स्पीकरसाठी तो कोरून देणारे दुकानदार आहेत. त्यांना हेल्मेट देऊ नका.

वायर गादीच्या मागून न्यायची आणि चिमटीएवढी सैल ठेवायची, नाहीतर हेल्मेट घालताना ओढ बसून डाख निघतो. आणि डाख पुन्हा लावताना एका स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या तर आवाज येतो, पण पोकळ येतो. गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध बसत नाही. दुरुस्तीनंतर गाणं "कसंतरीच" वाटलं तर पहिला संशय इथं घ्यायचा.

(दृश्य: दोन बोटांत वळला जाणारा पिवळा फोमचा इयरप्लग. अगदी जवळून.)

आणि आता ज्यावर कुणाचा पटकन विश्वास बसत नाही ते. गाणं ऐकायचं, म्हणून कानात बोळे घालायचे.

हात धुवा. पेट्रोल आणि चेनचं तेल कानात नको. बोळा दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, सुरकुती न पडू देता. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, त्यानं आतली वाट सरळ होते. बोळा आत सरकवून बोटानं तीस सेकंद धरून ठेवायचा, फुगेपर्यंत. समोरून आरशात बोळा बाहेर डोकावताना दिसला तर तो बसलेला नाही. निम्मा बाहेर राहिलेला बोळा जवळपास निकामी असतो.

आवाज किती कमी होतो हे पाकिटावर 29 ते 33 डेसिबल असं लिहिलेलं असतं. ते प्रयोगशाळेतलं. प्रत्यक्षात 15 धरा. 95 मधून 15 गेले की 80 राहतात. म्हणजे शिरवळला संपणारा कोटा साताऱ्याला पोचून परत येईपर्यंतही संपत नाही.

मग गाणंही तेवढंच कमी होणार, ही शंका रास्त आहे. होतं. वारा आणि गाणं दोन्ही त्याच बोळ्यातून जातात. पण कान मोठ्या आवाजाला सरळ वागत नाही. खालच्या सुराची घरघर जितकी जोरात, तितकी ती वरच्या सुरांवर पसरते आणि त्यांना झाकते. सगळंच खाली आणलं की घरघर आपल्या जागी आकसते आणि तिच्या वरचे शब्द मोकळे होतात. स्पीकरमध्ये तेवढा जोर असला की झालं, म्हणून 40 मिलिमीटरचे स्पीकर घ्यावेत. कोडेकच्या, म्हणजे वायरलेस आवाज बांधून पाठवायच्या पद्धतीच्या, नावावर जास्तीचे पैसे घालू नयेत, या गोंगाटात तो फरक कानाला कळत नाही.

(दृश्य: मोबाईलवर इक्वलायझर. खालच्या पट्ट्या उतरतात, वरच्या चढतात.)

फोमचा बोळा बारीक आवाज जास्त खातो आणि खालचे कमी. वारा खालचे सूर झाकतो. दोन्हीवर उतारा एकच: 125 हर्ट्झच्या खालचं उतरवा, 2 ते 4 किलोहर्ट्झ तीन-चार डेसिबल चढवा. बेस वाढवणारे चुकतात. तो वाऱ्यात विरघळतो आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजायला लागतो. अॅपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय असते, ती चालू ठेवा, म्हणजे हात सारखा बटणाकडे जाणार नाही.

(दृश्य: हलगी, ढोलकी, ढोल, तानपुरा. एकेक वाद्य, मागे वाऱ्याची घरघर.)

काय ऐकावं हेही वारा ठरवतो. हलगी आणि ताशा घरघर कापून येतात, त्यांचा कडकडाट वरच्या सुरांत आहे. लावणीतल्या ढोलकीची शाईकडची थाप शाबूत पोचते, धुमेकडची बुडते. ढोलपथकातला ढोल जवळजवळ नाहीसा होतो. तानपुरा सगळ्यात आधी जातो आणि त्याच्यापाठोपाठ विलंबित ख्यालातली आलापी, कारण तिचं सौंदर्य हळू आवाजात आहे. तो राग घरासाठी ठेवावा. पोवाडा चालतो. कीर्तनाचं रेकॉर्डिंगही चांगलं चालतं, बोलण्याचे शब्द मधल्या सुरांत असतात.

(दृश्य: हेल्मेट घालताना कानातून निसटणारा वायरलेस इयरबड.)

हे रोज कुठल्यातरी सिग्नलवर घडतं. हेल्मेट खाली ओढलं की गादी बडला ढकलते, तो जरासा फिरतो, कानाची फट उघडी पडते. बेस गेला, वारा आत आला, आवाज पूर्ण. गोंगाट कापणाऱ्या बडचे माइक बाहेरच्या बाजूला असतात. गादी त्यांच्यावर घासली की धपधप आणि शिट्टी सुरू होते. काहीजण एकाच कानात बड घालतात, दुसरा मोकळा ठेवतात. मोकळा कान पूर्ण वारा खातो आणि दुसरा त्याला पुरून उरेल एवढं गाणं.

(दृश्य: श्रवणचाचणीचा आलेख. 4000 हर्ट्झपाशी रेघ खाली उतरते.)

कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशी मोठ्या आवाजानं गेल्या की परत येत नाहीत, आलेखातला हा खड्डा त्यांचा आहे.

(दृश्य: खंबाटकी घाट. ट्रकच्या मागे गाडी.)

घाटात, गावात आणि पावसात गाणं बंद. ट्रकच्या ब्रेकचा सुस्कारा आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न बोळ्यातूनही ऐकू येतो, गाण्यातून येईलच असं नाही. फोन हातात धरून गाणं बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली येतं, तेव्हा यादी निघायच्या आधी लावा. फ्रान्समध्ये 1 जुलै 2015 पासून चालवताना कानात इयरफोन घालायला बंदी आहे, हेल्मेटमधल्या स्पीकरला मात्र सूट आहे.

व्हॉल्यूम ठरवायचा तो 60 च्या वेगाला, शब्द नुकते कळतील इतकाच. मग पहिल्या टोलनाक्यावर थांबल्यावर ऐकायचं. थांबलेल्या गाडीवर गाणं दचकवत असेल तर दोन टप्पे खाली. इंटरकॉममध्ये, म्हणजे हेल्मेटला लावायच्या बोलण्या-ऐकण्याच्या यंत्रात, वेगानुसार आवाज आपोआप कमी-जास्त करायची सोय असेल तर ती सगळ्यात हळू पायरीवर ठेवा.

(दृश्य: पुन्हा चाळकेवाडी. इंजिन बंद. हेल्मेट टाकीवर.)

बोळा काढताना ओढायचा नाही. एकदम ओढला की कानाच्या पडद्याला झटका बसतो. आधी हळूच पिळायचा, आत हवा जाऊ द्यायची, मग बाहेर.

(निवेदन थांबतं. बोळा निघतो. पवनचक्कीच्या पात्यांचा आवाज.)