लघवीतल्या साखरेचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

लघवीला मुंग्या लागतात ही मधुमेहाची खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. युरोपात टॉमस विलिस यांनी ही गोडी 1674 मध्ये लिहून ठेवली, पण ती कशाची हे उकललं नाही.

ते उकललं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी. त्यांचा लेख 1776 चा. त्यांच्या एका रुग्णाला दिवसाला 28 पाइंट, म्हणजे 13 लिटरहून जास्त लघवी होई. त्यातली दोन क्वार्ट, म्हणजे जवळपास दोन लिटर, त्यांनी मंद आचेवर पूर्ण आटवली. तळाशी पांढरी ढेप उरली, चार औंसांहून थोडी अधिक. रवाळ, बोटांनी सहज फुटणारी, तांबड्या साखरेसारख्या वासाची. चवीलाही साखरच, फक्त टाळूला किंचित गारवा जाणवायचा.

मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची पुढची पायरी. त्यांनी त्याच आजारातल्या रक्तावरचं पाणी, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव, चाखलं. तेही गोड लागलं, लघवीपेक्षा कमी. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती. ती रक्तातच होती, मूत्रपिंडं ती बाहेर टाकत होती.

आज याचं कारण माहीत आहे. मूत्रपिंडं गाळलेली साखर परत शोषून घेतात, पण 100 मिलिलिटर रक्तात साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर ती गेली की शोषण पुरं पडत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. तहान लागते ती त्यामुळे.

पुढे चाखण्याची गरज उरली नाही. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाचे 5 मिलिलिटर परीक्षानळीत घ्यायचे, त्यात लघवीचे 8 थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात 5 मिनिटं ठेवायची. निळं तसंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी चढती पायरी. थेंब मोजूनच टाका, जास्त पडले तर रंग चढा दिसतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या असतील किंवा बाळंतिणीच्या लघवीत दुधातली साखर उतरली असेल, तरी रंग बदलतो, मधुमेह नसतानाही.

आणि मूत्राशयात साठलेली लघवी काही तासांपूर्वीची असते. म्हणून आधी मूत्राशय रिकामं करून, अर्ध्या तासाने पुन्हा होणारी लघवी तपासायला घ्यावी. तिच्यातही साखर दिसली नाही, तरी रक्तातली साखर 170 असू शकते.