डासाच्या सोंडेतली नथ

नमस्कार, श्रोतेहो.

शाळा उघडल्या, की आपल्या नागपुरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "भाऊ, प्रोजेक्ट द्या एक." दुकानदारही निर्विकारपणे विचारतो, "कितवीचा?" चपलेचा नंबर विचारावा तसा. मग मागच्या फळीवरून एक डबा निघतो. आत आइस्क्रीमच्या काड्या, रंगीत कागद, चमकी, आणि वरच्या झाकणावर घर तयार झाल्यावर कसं दिसेल त्याचा फोटो. रात्री बाबा फेव्हिकॉल लावतात, आई काड्या कापते आणि ज्याचा प्रोजेक्ट आहे तो पोट्टा केव्हाच झोपलेला असतो. शिक्षकांना हे कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं. फक्त बाबांना गुण किती द्यायचे, एवढाच प्रश्न असतो.

मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. आज शाळेच्या कलावर्गातल्या उपक्रमांबद्दल बोलायला बसलोय, तर मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे. मुलांना साहित्य द्या, विषय द्या, पण नमुना देऊ नका. डब्यावरचा तो फोटो, तोच सगळा घोळ करतो. फोटो दाखवला, की चाळीस मुलं चाळीस सारखी घरं करतात आणि ज्याचं घर वाकडं झालं तो रडतो. नमुनाच नसेल तर वाकडं कशाला म्हणणार?

साहित्यासाठी दुकानात जायची फारशी गरजही नाही. होळीच्या आधी पळस फुलतो तेव्हा शहराबाहेर जरा निघालात तरी रस्त्याच्या कडेला सडा पडलेला असतो. ती फुलं पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग निघतो. त्यात चिमूटभर चुना टाकला की तो गडद होतो. हळदीत चुना टाकल्यावर काय होतं ते घरोघरी माहीत आहे, कुंकू तसंच तर व्हायचं. पण वर्गात ते पहिल्यांदा होतं ना, पिवळ्याचं लाल, तेव्हा मागच्या बाकावरचेही उठून उभे राहतात. गेरू आहे, काजळी आहे, चिकटपणाला बाभळीचा डिंक आहे, रात्री भिजत घातला की सकाळी तयार. एक लक्षात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो, गेरू टिकतो. तेव्हा भिंतीवर लावायचं चित्र असेल तर हळदीच्या भरवशावर राहू नका.

आणि उन्हाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. जलरंगाची पुस्तकं लिहिणारे लोक बहुधा थंड गावांत राहतात. ओल्या कागदावर रंग सोडा, तो हळूहळू पसरू द्या म्हणे. एप्रिलमध्ये आमच्याकडे ब्रश पाण्यातून कागदापर्यंत येईस्तोवर अर्धा वाळतो! त्यामुळे जलरंग दिवाळीनंतर, थंडीत घ्यावेत. उन्हाळ्यात कोरडे खडू, कोलाज, कात्रीकाम. हे वेळापत्रक कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेलं नसतं, ते हवामान ठरवतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांबद्दल पालक विचारतातच. त्या जरूर द्याव्यात, वस्तुचित्राने नजर बसते, अक्षरलेखनाने हात बसतो. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला सात, पाच किंवा तीन गुण वाढून मिळतात, हे कळल्यापासून काही घरांत चित्रकला म्हणजे सात गुणांचा विषय झाला आहे. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. असो. हा माझा जुना राग आहे, तो काढायला वेगळा कार्यक्रम लागेल.

आता मी ज्यासाठी आलो ती गोष्ट सांगतो.

पोळा जवळ आला होता. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवायचे हे तर आपल्याकडे ठरलेलंच, त्यात नवीन काही नाही. मी सहावीच्या वर्गाला म्हटलं, या वेळी आपण शाळेचा एक बडग्या करू. श्रोतेहो, मारबत तुम्हाला मी सांगायची गरज नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं आपण ऐकत आलो आहोत, आणि इतवारी-महालात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते हे तर स्वतः अनुभवलेलं आहे. गावाला जे काही छळतं, त्याचा पुतळा, म्हणजे मारबत नाहीतर बडग्या, करायचा, वाजतगाजत गावाबाहेर न्यायचा. माझ्या मते, शाळेच्या कलावर्गाला याहून चांगला विषय जगात कुणाकडे नसेल. तर मी विचारलं, "तुम्हाला काय छळतं?"

गणित, गृहपाठ, डब्यातली दुधी भोपळ्याची भाजी, मोठा भाऊ, अशी यादी निघाली. शेवटी एक पोट्टा म्हणाला, "सर, डास! आमच्या गल्लीत भल्ले डास होऊन राहिले." त्याच्या शेजारणीच्या मामाला डेंग्यू झालेला. ठरलं. डेंग्यूच्या डासाचा बडग्या.

मी नमुना दिला नाही. बांबूच्या कमच्या दिल्या, रद्दी दिली, मेथीची खळ दिली. मुलांनी लगदा केला, सांगाडा बांधला, आणि सहावीतल्या पोराच्या उंचीचा डास उभा राहिला. पायांना काय लावावं यावर फार खल झाला, मग एकीने घरून मोडकी छत्री आणली. छत्रीच्या काड्या! सांध्यात दुमडतात, बारीक असतात, अगदी डासाचे पाय. डोक्यावरच्या मिशा म्हणून बाटल्या धुवायचे दोन ब्रश खोचले. मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हे कोणत्या डब्यात मिळणार आहे?

तेवढ्यात विज्ञानाच्या मॅडम व्हरांड्यातून चालल्या होत्या. थांबल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "डेंग्यूचा आहे ना? मग पायांवर पांढरे पट्टे कुठे आहेत?" पोरं पळाली, पांढरी चिकटपट्टी आणली, पट्टे चढले. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "आणि या झुपकेदार मिशा नराच्या असतात. चावते ती मादी. तिला अंडी घालायला रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो."

वर्गात शांतता. मग मागून आवाज आला, "सर, मंग हा बडग्या कसा? बाई आहे तर हे मारबत झाली ना!"

आता बघा, श्रोतेहो, मुद्दा बिनतोड होता. बडग्या म्हणजे बाप्या, मारबत म्हणजे बाई, हे नागपूरच्या पोराला शिकवावं लागत नाही. जोरदार वाद झाला. मुलींचं म्हणणं, वाईट काही निघालं की लगेच बाई कशी काय? मुलांचं म्हणणं, मॅडमच म्हणून राहिल्या, आम्ही नाही. शेवटी मुलींनीच निकाल लावला. मारबत तर मारबत, पण मग ती अशी उघडी नाही जाणार, तिला नीट नटवायची. ब्रश उपटले, त्या जागी दोन बारीक तारा आल्या. हिरवं नऊवारी पातळ आलं, कुणाच्या तरी आजीचं जुनेर. बांगड्या सहाही पायांत. आणि नथ! आता डासाला नाक कुठे? तासभर चर्चा करून नथ सोंडेला अडकवली. लांब सोंड आणि तिच्या टोकाशी मोत्यांची नथ.

आणि तिथेच सगळं अडलं. पाऊस लागलेला. पोळ्याच्या दिवसांत आपल्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे, टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तर लगदा काय वाळणार! नथीच्या वजनाने सोंड खाली यायला लागली. सकाळी सरळ, दुपारी जमिनीकडे. लगद्याला आंबूस वासही सुटला. गणपतीच्या तोंडावर मूर्ती वाळवायला काय काय खटाटोप करावे लागतात, ते चितारओळीतून गेलेल्याला सांगायला नको. आमच्याकडे काय होतं? एक मुलगी म्हणाली, "सर, कूलर. खस काढून नुसता पंखा लावू."

कूलर होता मुख्याध्यापकांच्या खोलीत. उन्हाळा संपल्यावर जुनी चादर टाकून कोपऱ्यात सरकवलेला. परवानगी काढली, चार पोरांनी आणि शिपाईकाकांनी तो ओढला, चादर काढली, खस लावलेली बाजू काढली. आणि जो आत वाकला होता तो ओरडला, "सर! पाण्यात कायतरी वळवळून राहिलं!"

टाकीत उन्हाळ्यातलं पाणी तसंच होतं. आणि त्या पाण्यात अळ्या. शेकड्यांनी. आम्ही ज्या डासिणीला वाळवायला कूलर आणला, तिचं बाळंतपण त्याच कूलरमध्ये, तेही मुख्याध्यापकांच्या खोलीत!

मुख्याध्यापकांचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही, ते हा कार्यक्रम ऐकत असतील. मॅडमनी मात्र संधी सोडली नाही. थोड्या अळ्या जॅमच्या बाटलीत घेतल्या, तोंडाला फडकं बांधलं. बाटलीवर टिचकी मारली की अळ्या खाली पळतात, मग वळवळत वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून लटकतात, डोकं खाली. शेपटीकडच्या नळीने त्या श्वास घेतात. मुलांनी ते बघितलं आणि मी न सांगता कागद काढले. इतकी वर्षं मी वस्तुचित्राला सुरई, कांदा, वांगं ठेवत आलो. त्या दिवशी त्या बाटलीची जी चित्रं निघाली, काचेतून दिसणारं पाणी, त्यातली ती लटकलेली वेलांटीसारखी पोरं, तसं वस्तुचित्र मला सुरईने कधी दिलं नाही.

पाणी ओतून टाकलं, टाकी घासली, कूलरचा पंखा लावला. डासीण दीड दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत वाऱ्याला बसली होती. येणारा प्रत्येक पालक आधी तिच्याकडे बघायचा, मग सरांकडे. सोंडेत कमची घातली, नथ टिकली. घरी गेलेल्या पोरांनी आपापले कूलर, कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवरचे टायर उपसले. दुसऱ्या दिवशी एकजण मोठ्या अभिमानाने सांगत आला, "सर, आमच्याकडे पण निघाले!"

मग मिरवणूक. शाळेच्या मैदानातूनच, पण ढोल होता. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "डेंग्यू, मलेरिया घेऊन जा गे मारबत!" आणि विज्ञानाच्या मॅडम ढोलाच्या वरताण ओरडत होत्या, "मलेरिया नाही! मलेरियाचा डास वेगळा! त्याची वेगळी मारबत करा!"

तर, साहित्य द्या, विषय द्या, नमुना देऊ नका. डासिणीची नथ कोणत्याही नमुन्यात नव्हती.

माझ्यासमोरचे निवेदक घड्याळाकडे बोट दाखवत आहेत आणि लगद्याची कृती सांगायची राहिली, तेव्हा घाईने सांगतो. रद्दीचे बारीक तुकडे रात्रभर भिजवा. सकाळी कुटा, पाणी पिळून काढा. त्यात मेथीची पूड भिजवून केलेली खळ घाला, थोडी खडूची भुकटी घाला, कणकेसारखं मळा. थर पातळ द्या, एक वाळला की दुसरा. पुन्हा सांगतो, थर पातळ, आणि आधीचा वाळल्याशिवाय पुढचा नाही. जुने कारागीर किडीसाठी मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं, लहान मुलांच्या हातात देऊ नका, कडुनिंबाच्या तेलावर भागवा. आणि पावसाळ्यात करत असाल तर लगद्याच्या भानगडीत पडूच नका, कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून एकावर एक चिकटवा, त्या लवकर वाळतात. काम झालं की भिजवणीच्या बादल्या रिकाम्या करून उपड्या ठेवा.

नमस्कार.