सडकं पान त्याच दिवशी बाहेर

नमस्कार श्रोतेहो. दुकानातून आणलेलं पाणवनस्पतीचं रोप घरच्या माशांच्या टाकीत लावलं की दोन-तीन आठवड्यांत त्याची पानं पिवळी पडतात, लिबलिबीत होतात, विरघळू लागतात. बरेच जण तेव्हा रोप उपटून फेकतात. उपटू नका! ही रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात आणि ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत. मूळ घट्ट असेल तर गाभ्यातून नवी पानं फुटतात, ती पाण्यातलीच. क्रिप्टोकोरिनचं तर हटकून असंच होतं. तुम्ही एकच करा. सडकं पान दिसलं की त्याच दिवशी देठापासून कापून बाहेर काढा.

त्याच दिवशी का, ते रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगातून समजतं. हा प्रयोग १८५० साली प्रसिद्ध झाला. सुमारे १२ गॅलनचं काचेचं भांडं त्याने अर्धं भरलं. म्हणजे पाणी साधारण २७ लिटर, आपल्या दीड फुटी टाकीत मावेल एवढंच. तळाशी वाळू, माती, काही चुनखडीचे दगड. आत दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप, ते लांब फितीसारख्या पानांचं. मासा सोडतो तो कार्बन डायऑक्साइड रोप उजेडात घेईल, रोप सोडतं तो ऑक्सिजन माशाला मिळेल, पाणी बदलायलाच नको, असा हिशेब.

काही दिवस सगळं छान चाललं. मग जुनी पानं कुजायला लागली. पाणी गढूळ झालं, काचेवर आणि पाण्यावर हिरवा बुळबुळीत थर चढला. मासे आता मरणार अशी वेळ आली. वॉरिंग्टनने विचार केला, तळ्यातही पानं कुजतातच, मग तिथे ती साफ कोण करतं? त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, तो थर खाल्ला, पाणी निवळलं. त्यांनी घातलेली अंडी माशांचं खाणं झाली आणि रोपाला नवे कोंब आले! मासा आणि रोप, दोघांचा हिशेब पुरा पडला नव्हता. कुजकं उचलणारा तिसरा लागला.

म्हणून रोपाबरोबर येणाऱ्या बारीक गोगलगायी चिरडू नका. भातशेतातली मोठी गोगलगाय मात्र नको, ती कोवळं रोपच खाते. बारीक गोगलगायी फार वाढल्या, तर तुम्ही खाणं जास्त घालताय. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. आणि वाढदिवसाला गोल बाऊलमध्ये मासा भेट द्यायची पद्धत आता बंद व्हायला हवी. दोन लिटर पाण्यात मासा तगत नाही.

आता आपल्या किनारपट्टीच्या पाण्याचं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मृदू असतं, त्यात चुना कमी. व्हॅलिसनेरियाला आणि गोगलगायीच्या कवचाला तो लागतो. खायच्या तिसऱ्यांचे दोन-चार रिकामे शिंपले उकळून टाकीत ठेवा. पण किनाऱ्यावरची वाळू घालू नका, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा फार. खाडीकाठची विहीर मे महिन्यात मचूळ होते, ते पाणीही नको. नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा आणि आठवड्याला टाकीतलं चौथा हिस्सा बदला.

दिवा ६ ते ८ तास पुरे. त्याहून जास्त लावला तर शेवाळ. अनुबियस आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, ते दोऱ्याने काळ्या दगडाला बांधा. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर ते थोडं थंड होतं, पण आपल्या दमट हवेत फार नाही. टाकी खिडकीपासून दूर असणं जास्त कामाचं.

कापलेली पानं आणि काढलेलं पाणी माडाच्या आळ्यात घाला. वहाळात किंवा तळ्यात टाकू नका, परदेशी रोपाचा छोटा तुकडाही तिथे रुजू शकतो.