तापलेला स्फटिक आणि क्ष-किरण

[दृश्य: चिमट्यात धरलेला, नखाएवढा पारदर्शक स्फटिक]

हा लिथियम टँटलेटचा स्फटिक. दिसायला अगदी साधा. याच्या पाठीला एक छोटासा हीटर चिकटवायचा, त्याला हवा काढून घेतलेल्या धातूच्या डबीत बसवायचं, शंभरेक अंशांनी तापवायचं आणि मग निवू द्यायचं. एवढं केलं की डबीच्या खिडकीतून क्ष-किरण बाहेर पडू लागतात. हीटरला नऊ व्होल्टची बॅटरी पुरते.

एरवी क्ष-किरण हवे असतील तर निर्वात नळी लागते, तिच्यात तापलेली तार लागते आणि हजारो व्होल्टचा पुरवठा करणारं भलंमोठं यंत्र लागतं. इथे बाहेरून उच्च विद्युतदाब द्यावाच लागत नाही. तो स्फटिकातच तयार होतो.

[दृश्य: स्फटिकातील अणूंची रचना, ॲनिमेशन]

या स्फटिकात धन आणि ऋण भारांची केंद्रं एका जागी नसतात. एकमेकांपासून किंचित सरकलेली असतात. त्यामुळे स्फटिकाचं एक टोक कायम धन, दुसरं कायम ऋण. पण हातात घेतल्यावर ते जाणवत नाही, कारण हवेतले भटके आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, दोन्ही टोकांना चिकटून हा भार झाकून टाकतात. तापमान बदललं की आतलं ते सरकणं कमी-जास्त होतं. झाकणारा भार मात्र तेवढाच राहतो. दोघांतली तफावत उघडी पडते.

ती तफावत केवढी? तापमानात एका अंशाचा फरक पडला, तर दर चौरस मीटरमागे सुमारे १९० मायक्रोकुलंब एवढा भार. ऐकायला क्षुल्लक. पण सेंटीमीटरभर जाडीचा स्फटिक घ्या, शंभर अंशांचा फरक घ्या आणि गणित मांडा: उत्तर चार लाख व्होल्टच्या पुढे जातं. प्रत्यक्षात भार गळत राहतो, ठिणग्या पडतात, म्हणून एवढं कधी मिळत नाही. तरीही एक लाख व्होल्टच्या आसपास पोहोचता येतं.

हा गुण माणसाला फार पूर्वीपासून माहीत होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेहून युरोपात तूरमलीन नेलं. निखाऱ्यांजवळ ठेवलं की हे खडे राख ओढून घेत. १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी हे नाव दिलं. गंमत म्हणजे, १८९५ मध्ये क्ष-किरण शोधणाऱ्या विल्हेल्म राँटगेनने १९१४ मध्ये स्फटिकांच्या याच गुणावर संशोधन प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातात होते. त्यांची गाठ पडायला मात्र १९९२ साल उजाडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातले जेम्स ब्राउनरिज यांनी सीझियम नायट्रेटच्या स्फटिकातून क्ष-किरण मिळवल्याचं ‘नेचर’मध्ये जाहीर केलं.

[दृश्य: डबीचा उभा छेद, स्फटिक, समोर तांब्याचा पातळ पत्रा, बेरिलियमची खिडकी]

आता यातली सगळ्यात नाजूक बाब: डबीतला वायू. पूर्ण हवा असेल तर भार लगेच झाकला जातो आणि खेळ तिथेच संपतो. उलट, निर्वात फारच चांगलं असेल तर पळवायला पुरेसे इलेक्ट्रॉनच मिळत नाहीत. म्हणून मुद्दाम थोडा वायू ठेवतात, वातावरणाच्या दाबाच्या काही लाखांश भाग. स्फटिकाचं प्रबळ विद्युतक्षेत्र या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उपटून काढतं आणि भरधाव सोडतं.

ते जातात कुठे? स्फटिकाची कोणती बाजू वर ठेवली आहे, यावर ते ठरतं. या डबीत तापताना वरची बाजू धन होते. इलेक्ट्रॉन स्फटिकावरच येऊन आदळतात आणि टँटलमचे क्ष-किरण निघतात. निवताना सगळं उलटं. तीच बाजू ऋण होते, इलेक्ट्रॉन समोरच्या तांब्यावर जाऊन आपटतात आणि वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले ते दाखवणाऱ्या आलेखात, तांब्याची ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा उमटते. त्याखाली, अचानक थबकलेल्या इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या किरणांचा अखंड पट्टा असतोच.

[दृश्य: वर्णपटाचा आलेख, हळूहळू वर चढून पुन्हा उतरणारा]

या आलेखात उपकरणाचा दोषही दिसतो. झोत स्थिर नसतो. तापण्या-निवण्याची एक फेरी काही मिनिटांची. तेवढ्यात तीव्रता वाढते, ओसरते, मधेच शून्यावर येते. मोडलेल्या हाडाचं चित्र काढायला हा स्रोत निरुपयोगी. एखाद्या नमुन्यात लोह आहे की शिसं, एवढं ओळखायचं असेल तर मात्र उत्तम. किरणोत्सारी पदार्थ जवळ बाळगावा लागत नाही, आणि हीटर बंद करून स्फटिक स्थिरावला की किरणही थांबतात.

२००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नारान्हो, गिमझेव्स्की आणि पटरमन यांनी याच स्फटिकावर टंगस्टनचं अतिसूक्ष्म टोक बसवलं, डबीत ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरलं आणि स्फटिक उणे ३४ अंशांपासून ७ अंशांपर्यंत तापवला. ड्यूटेरियमची केंद्रकं लक्ष्यावर आदळून त्यांचं अणुकेंद्रीय संमीलन (फ्यूजन) झालं, न्यूट्रॉन मोजले गेले. यातून वीज मिळण्याची आशा संशोधकांनीही दाखवली नाही. हाती आलं ते न्यूट्रॉन देणारं छोटं उपकरण.

[दृश्य: शिशाच्या आडोशामागे ठेवलेली डबी आणि शेजारी किरण मोजणारा गणक]

डबी लहान असली तरी बाहेर पडणारे किरण खरेच आयनकारी, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन उपटू शकणारे, आहेत. विशेषतः काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ भिंतीचं घरगुती निर्वात पात्र वापरून हा प्रयोग करू नये. सूर्यप्रकाशासारखे हे किरण दिसत नाहीत आणि ऊबही जाणवू देत नाहीत. किरण मोजणारा गणक चालू आहे की नाही, हे हीटरचं बटण दाबण्याआधी पाहायचं.